कोपराचा दाखला

तुमचा कोपर सरळ आहे का? लगेच हो म्हणू नका. बाही वर करा, हात पुढे ताणा आणि आरशात बाजूने बघा. माझा सरळ नाही. माझ्या ताईने नमस्कारासाठी हात जोडले तर तळव्यांच्या आधी तिचे कोपर एकमेकांना भेटतात. आमच्या गोदामातल्या सतरा माणसांना मी एकदा जेवणाच्या सुट्टीत हात पुढे करायला लावले होते. एकाचाही फूटपट्टीसारखा निघाला नाही. तरीही या जगात असे लोक आहेत, जे मैदानाच्या मधोमध उभे राहून दुसऱ्याच्या कोपराकडे बोट दाखवतात आणि संध्याकाळी घरी जाऊन शांतपणे जेवतात. मला त्या बोटांचा राग आहे.

राग हा आमच्या घरातला जुना ऐवज. बाबा चिपळूणजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं काढायचे. आमच्या घरी पेपर येत नसे, आमच्या घरून पत्रकं जात. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवर. माझं पहिलं पूर्ण वाचलेलं वाक्य 'कमल नमन कर' नव्हतं. ते होतं, 'बंधू-भगिनींनो, नळाला पाणी का नाही?' उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला मी गणितं सोडवायची. माझ्या त्रैराशिकांच्या पाठीमागे दारूबंदी होती आणि लसावि-मसाविच्या पाठीमागे एसटी थांब्याचं छप्पर. भाजी खारट झाली तर बाबा आईला तोंडी सांगत नसत, तीन ओळींचं निवेदन देत. आई ते चुलीपाशी ठेवायची आणि म्हणायची, "विचार चालू आहे." दुसऱ्या दिवशी भाजी तितकीच खारट.

तीन वर्षांपूर्वी मी कुवेतला ताईकडे आले. ताई आणि भावोजी मंगफला राहतात. भावोजी तिथल्या एका प्लांटमध्ये टेक्निशियन आहेत. विमानतळावरून घरी येताना गाडीतच ताईने माझ्याकडून शपथ घेतली.

"इथे पत्रक काढायचं नाही."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही."

"लिफ्ट बंद पडली तर?"

"जिने आहेत."

"आणि जिन्यातला दिवा गेला तर?"

"तर अंधारात चढ, पण तोंड मिटून चढ," ताई म्हणाली. भावोजी गाडी चालवत होते. ते फक्त आरशातून माझ्याकडे बघून मान हलवत होते. घरात एकच पत्रकवाली पुरे, असा त्याचा अर्थ होता हे मला नंतर कळलं, कारण लहानपणी ताईनेच बाबांच्या पत्रकांच्या घड्या घातल्या होत्या.

मला अर्दियातल्या एका गोदामात नोकरी लागली. आमची कंपनी इमारतींसाठी एसीचे डक्ट बनवते, म्हणजे थंड हवा वाहून नेणारे ते मोठे पत्र्याचे बोगदे. माझं काम कागदांचं. कुठला नकाशा कुणाकडे गेला, कुठल्या फॉर्मवर कुणाची सही राहिली, कशावर शिक्का नाही. कुवेतमध्ये कागदावर शिक्का नसला तर तो कागद नसतोच, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले. सही म्हणजे नुसती रेघ. शिक्का म्हणजे शब्द.

तिथेच मला काका भेटले. नात्याने कुणी नव्हेत. पण आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावातले, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी 'बाय' झाले आणि ते 'काका'. साठीला टेकलेले, डक्ट फिटर, बावीस वर्षं आखातात, कंपनीच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहणारे. दर डिसेंबरात गावी जायचे. मात्र गावच्या क्रिकेटच्या सामन्यांचे दिवस आले की मैदानाच्या दिशेची खिडकी लावून घरात बसायचे. हे मला त्यांनी फार उशिरा सांगितलं. आधी मी पाहिलं ते वेगळंच.

एका दुपारी काका उंच शिडीवर होते. खाली, गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकाने ओरडून चिकटपट्टी मागितली. काकांनी शिडीवरूनच पट्टीचं जाडजूड बंडल उचललं, कोपरात हात मोडला आणि भिरकावलं. ते सरळ रेषेत गेलं आणि त्या माणसाच्या बाजूच्या बादलीत पडलं. बादली हललीसुद्धा नाही.

आमचा फोरमन फिलिपिनो. सगळे त्याला 'कुया' म्हणतात. त्यांच्याकडे कुया म्हणजे दादा. तो कंपनीच्या बेसबॉल टीमचा कॅप्टन होता. तो धावत शिडीखाली आला आणि वर बघून त्याच्या हिंदीत म्हणाला, "तुम बेसबॉल खेलेगा?"

"वो क्या होता है?"

"फेंकने का. बस फेंकने का."

काकांनी बाही खाली ओढली. मग हळूच, "हाथ थोडा टेढ़ा है मेरा."

"टेढ़ा? टेढ़ा तो चाहिए! सीधा हाथ से कौन फेंकता है?"

काका शिडीच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. कुयाला वाटलं शिडी तुटली. दोघांनी शिडी धरली, एकाने पाणी आणलं, सुरक्षा अधिकाऱ्याने अपघाताचा फॉर्म भरायला घेतला. तो फॉर्म माझ्याकडे आला. 'अपघाताचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'बेसबॉल'.

फॉर्म परत करायच्या निमित्ताने मी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं. तिशीच्या आतले असताना ते गावच्या संघाचे बॉलर होते. भातकापणी झालेल्या मळ्यात अंतिम सामना, शेवटची ओव्हर काकांची, पंच म्हणून उभा त्यांचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. काकांनी पहिला चेंडू टाकला. मेहुण्याने हात आडवा केला. नो बॉल. हात वाकडा. दुसरा टाकला, परत हात आडवा.

"मी टाकतंय, तो हात करतंय. मी टाकतंय, तो हात करतंय," काका म्हणाले. "समोरच्यानं ब्याट नाय हलवली गो बाय. नुसता उभा ऱ्हाऊन जिकला."

तेव्हापासून त्यांना सगळा गाव 'फेक्या' म्हणतो. लग्नात पंगतीला बसले की मेहुणा लांबूनच ओरडतो, "अरे, त्या फेक्याला भात वाढा." एकदा घरच्या आमंत्रणपत्रिकेवरसुद्धा तेच नाव घातलं होतं. काकूंनी भावाला विनवण्या केल्या, तर तो म्हणाला, "मी पंच हाय. नातं घरी, मैदानात न्याव."

माझं रक्त उसळलं. न्याय! भात वाढताना कसला न्याय?

बेसबॉल हा खेळ मलाही नवाच होता, तेव्हा तुम्हालाही दोन ओळींत सांगते. पिचर चेंडू फेकतो. समोरचा लाकडी दांड्याने तो मारायला बघतो. मारणाऱ्याच्या पाठीमागे कॅचर उकिडवा बसलेला असतो. मारणारा तीनदा चुकला की बाद, तिघं बाद झाले की डाव संपला. आणि खेळ शेवटाला आला की दमलेल्या पिचरच्या जागी ताजा माणूस आणतात. तो रिलीफ पिचर. काका आमचे रिलीफ पिचर झाले. मी झाले गुणलेखक, कारण कागदांचं काम.

दर शुक्रवारी सकाळी, थंडीच्या दिवसांत, गोदामांच्या मागच्या रिकाम्या वाळूत सामने व्हायचे. कुयाचा नियम पक्का होता: आपण पुढे असलो तरच शेवटचा डाव रिलीफ पिचरला द्यायचा. पिछाडीवर असताना ताजा हात कशाला दमवायचा? नियम ऐकायला चांगला होता. अडचण एवढीच की आमची टीम कधीच पुढे नसायची.

त्यामुळे काकांची कारकीर्द अशी चालली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं. पाण्याच्या टाकीच्या बाजूला रंगाची रिकामी बादली उलटी घालून बसायचं. गावाहून आणलेलं खोबरेल कोपराला चोळायचं. शेवटच्या डावाआधी उठून टाकीवर काढलेल्या खडूच्या चौकोनात चेंडू मारून हात गरम करायचा. कुया गुणफलकाकडे बघायचा, मग काकांकडे बघायचा, मग मान हलवायचा. काका परत बादलीवर. टाकीला त्या बाजूने एवढे पोचे पडले की पाणीवाला विचारून गेला, कुणी रागावलंय का.

दोन हिवाळे त्यांनी खऱ्या सामन्यात एकही चेंडू फेकला नाही.

मी शपथ मोडली. मोडली म्हणजे आधी नीट विचार केला. ताईने कुवेतबद्दल शपथ घेतली होती, बेसबॉलबद्दल नव्हे, असं मी स्वतःला पटवलं आणि ऑफिसच्या झेरॉक्सवर पत्रकाच्या नऊ प्रती काढल्या. हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे सगळ्यांना कळावं. मथळा होता, 'हारनेवालों का अंत किसके हाथ में?' मजकूर दीड पान. हरणाऱ्या संघालाही शेवटचा डाव असतो, शेवटच्या डावाला हात लागतो आणि त्या हाताला बादलीवर बसवून ठेवणं हा अन्याय आहे, हा मुख्य मुद्दा. जाता जाता खुर्चीचीही मागणी केली होती.

कुयाने पत्रक दोनदा वाचलं. त्याने टाकीच्या सावलीत टीमची बैठक बोलावली. सगळे फार गंभीर होते. तासाभराने तो बाहेर आला आणि म्हणाला, "सिस्टर, नियम बदलेगा नहीं. लेकिन कुर्सी मंजूर."

पुढच्या शुक्रवारी काका खुर्चीवर होते. ती खुर्ची कुठून आणली, हे गुण लिहायला बसताना मला कळलं. तिथून पुढे मी बादलीवर.

त्या संध्याकाळी ताईला पत्रक माझ्या पर्समध्ये सापडलं. मी वाट बघत होते की आता बोलणार, आता बोलणार. ती पूर्ण वाचून म्हणाली, "दुसऱ्या परिच्छेदात 'अन्याय' तीनदा आलाय," आणि पोळ्या करायला गेली.

मग या हिवाळ्यात काकांचं कंत्राट संपलं. आता गावी कायमचं जायचं होतं. आणि गेल्यावर पंधरा दिवसांतच मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. काका एका दुपारी माझ्या टेबलापाशी आले आणि कुणी ऐकत नाही ना, हे बघून म्हणाले, "बाय, मला एक दाखला काढून दे."

"कसला?"

"माजा हात बरोबर हाय, असा. इंग्रजीत. शिक्का मारून. पंगतीत तेच्या पानापुढं ठेवतंय आणि मग भात वाढ म्हन सांगतंय."

दाखला कुणाकडून आणायचा, हा प्रश्न नव्हता. आमच्या सामन्यांचा पंच व्हेनेझुएलाचा होता. त्याच्या देशात मुलं चालायच्या आधी बेसबॉल खेळतात, असं तो सांगायचा. नोकरीने तो वेल्डिंग इन्स्पेक्टर. दिवसभर पाइपांचे सांधे तपासायचे आणि फॉर्मवर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' असा शिक्का मारायचा. मी त्याच्यापुढे मोठं भाषण केलं. मेहुणा, मळा, भात, सगळं सांगितलं. त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "मी न पाहिलेल्या सांध्यावर सही करत नाही. याने सामन्यात फेकलेलं मी पाहिलेलं नाही. फेकू दे. जे पाहीन ते लिहीन."

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर आदर वाटला.

काकांचा शेवटचा शुक्रवार आला. समोर सबाह अल-सालेम या वस्तीची टीम होती. ती चांगली टीम, पण त्या दिवशी त्यांच्या पिचरला ताप होता, दोघांना अचानक ड्युटी लागली होती, आणि नववा माणूस म्हणून त्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानाचा मालक आणला होता. तो नुसता बघायला आलेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, पोट सुटलेला, भारी आनंदी माणूस. तुम्हाला खेळता येतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "ब्याट दे, मग बघ." ताई त्या दिवशी थर्मास घेऊन आली होती, चहा द्यायला म्हणून. तिने हळूच कोपऱ्यात उभं राहायचं ठरवलं होतं.

शेवटच्या डावाआधी मी बेरीज केली. परत केली. मग बादलीवरून उठून उभी राहिले.

"कुया! आपण एकाने पुढे आहोत!"

कुणाचा विश्वास बसेना. कुयाने स्वतः येऊन वही बघितली. पुढे असल्यावर काय करायचं, याचा टीमला अजिबात अनुभव नव्हता. दोघे तर घरी जायला निघाले. त्यांना वाटलं, संपलं.

"काका!" मी ओरडले.

काकांना कुणी हाक मारेल अशी सवयच राहिली नव्हती. ते बूट काढून, खुर्चीवर मांडी घालून उकडलेलं अंडं सोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, अंडं खिशात घातलं आणि उजव्या पायाचा बूट डाव्यात घालून मैदानात गेले. कुयाने मधेच थांबवून बूट बदलायला लावले.

आणि मग त्यांनी फेकलं. काय सांगू! कोपर मोडायचा, मनगट कानामागे जायचं, आणि चेंडू निघाला की कॅचर म्हणून बसलेल्या कुयाच्या हातमोज्यात असा आवाज व्हायचा, जसं कुणी रागाने दार लावलं. पहिला माणूस तीन चेंडूंत बाद. दुसरा चारांत. पंच प्रत्येक चेंडूनंतर खिशातून फॉर्म काढून काहीतरी लिहायचा. मी बादलीवर उभी राहून आरडाओरडा करत होते, गुण लिहायचे विसरून.

तिसरा आला तो दुकानदार. दांडा क्रिकेटच्या बॅटसारखा जमिनीला टेकवून उभा राहिला. बॅटने वाळूत एक रेघही ओढली. पहिल्या चेंडूवर त्याने झोकात हात फिरवला, चुकला. दुसऱ्यावर चुकला. मग त्याने डोळे बारीक करून काकांकडे बघितलं.

"अरे! तू खाडीपलीकडचा तो फेक्या नाय काय?"

काकांचा वर गेलेला हात खाली आला.

"तोच हायस तू! आम्ही बघाय आलो होतो ती म्याच! अरे, कुवेतात येऊन पन हात वाकडाच? पंच! नो बॉल! वाकडा हात!"

पंचाला मराठी येत नव्हतं. त्याने शांतपणे 'खेळा' म्हटलं. पण काकांनी डाव्या हाताने उजवा कोपर झाकला होता. खरंच झाकला होता, जसं कुणी बाहीचं भोक लपवतं. बत्तीस वर्षं आणि एवढा समुद्र ओलांडून तो मळा तिथे आला होता.

"काका, वाकडाच टाका!" मी किंचाळले. "वाकडाच!"

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. "वाकड्या हाताचा विजय असो!" ताई! थर्मास हवेत उंच धरून. चहा तिच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. "विजय असो! विजय असो!"

तरी काकांचं धाडस झालं नाही. त्यांनी हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांबूसारखा ताठ केला आणि क्रिकेटचा चेंडू टाकतात तसा टाकला. हळू. मधेच टप्पा पडला. टप्पा पडलेला चेंडू बघून दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी विसरणार नाही. गावी आल्यासारखा तो हसला. डावा पाय पुढे टाकून त्याने सुंदर, अगदी फोटो काढावा असा फटका मारला. चेंडू खालून गेला, कुयाच्या छातीवर आपटला आणि दोन हात लांब वाळूत पडला.

आता इथे बेसबॉलचा एक नियम आहे. तिसऱ्यांदा चुकलेला चेंडू कॅचरने टप्प्याआधी झेलला, तर मारणारा तिथेच बाद. टप्पा पडला, तर तो अजून बाद नसतो. त्याने जीव खाऊन पहिल्या तळाकडे, म्हणजे बेसकडे, पळायचं आणि पोचायच्या आत त्याला चेंडू लावला तरच बाद. कुया चेंडू शोधत वाळूत रांगत होता. समोरची टीम ओरडत होती, "रन! रन! भागो!"

दुकानदार पळाला नाही. चुकलेल्या चेंडूवर क्रिकेटवाला काय करतो? यष्टिचीत होऊ नये म्हणून पाय मागे घेतो आणि रेघेच्या आत रोवून उभा राहतो. त्याने तेच केलं. पाय मागे ओढून स्वतः काढलेल्या रेघेच्या आत घट्ट रोवला, बॅट आत टेकवली आणि ऐटीत मागे वळून कुयाकडे बघितलं. काढ बघू आता बेल्स!

कुया रांगत आला आणि त्याच्या पोटाला चेंडू लावला.

"आऊट!" पंच म्हणाला.

"आऊट कसा? पाय आत हाय माजा! हा बघ!"

"किसके अंदर?" कुयाने विचारलं.

दुकानदाराने खाली बघितलं. खाली त्याची एकट्याची रेघ होती. त्याने टीमकडे बघितलं, मग काकांकडे. मग तो एवढा मोठ्याने हसला की त्याला वाळूत बसावं लागलं. "फेक्यानं काढला मला," तो म्हणत होता. "आईच्यान, फेक्यानं काढला!" आणि त्याने उठून काकांना मिठी मारली. काकांच्या खिशातलं अंडं फुटलं.

आम्ही जिंकलो होतो. काका मात्र माझ्या बादलीपाशी येऊन म्हणाले, "बाय, शेवटचा सरळ गेला. आता कसला दाखला."

पंच फॉर्म घेऊन आला. तो वेल्डिंगचा छापील फॉर्म होता. 'सांधा क्रमांक' लिहिलेल्या रकान्यात त्याने चेंडूंचे क्रमांक घातले होते. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत गेले. पहिला चेंडू: कोपर वाकलेला, मंजूर. दुसरा: कोपर वाकलेला, मंजूर. तिसरा, चौथा, सगळे तसेच. शेवटच्या ओळीशी मी थांबले.

"वाच ना गो," काका म्हणाले.

"शेवटचा: कोपर सरळ. कारागिरी निकृष्ट. समोरच्याच्या चुकीमुळे निभावलं." आणि शेऱ्याच्या रकान्यात, "पुन्हा असं करू नये."

खाली सही आणि जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का.

काकांनी तो कागद हातात घेतला. उलटा होता, तरी खूप वेळ बघितला. मग पंचाला विचारायला सांगितलं की शिक्का पावसात पुसला तर जाणार नाही ना. पंच म्हणाला, "तेलात बुडवला तरी नाही."

काका गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ताईने स्पीकर लावला. त्यांनी ठरवलं होतं तसं पंगतीत मेहुण्याच्या पानापुढे दाखला ठेवला होता. मेहुण्याने चष्मा लावून बघितलं आणि शेजारी बसलेल्या, दुसऱ्या बहिणीच्या शिकलेल्या मुलाला विचारलं, "काय लिवलंय?" भाचा म्हणाला, "मामा, हा पायपाचा कागद आहे. पाइप मंजूर आहे."

सगळी पंगत हसली. काका म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कुयाचा हातमोजा आला. त्यांनी आपल्या पानावर परत येऊन बुंदीचा लाडू उचलला, कोपर मोडला आणि पंगतीच्या टोकावरून फेकला. लाडू मेहुण्याच्या तळहातात जाऊन बसला. एक कणसुद्धा सांडला नाही.

"मग?" मी आणि ताई एकदम.

"मग काय. तेनं लाडवासकट हात आडवा केला. नो बॉल. पन हसत होता गो. पयल्यांदा हसत होता. बोलला, पुढल्या थंडीत सामने हायत, शेवटची ओव्हर टाकशील काय? मी बोललो, वाकडाच टाकीन. तर बोलला, बघू."

बघू! ताईने माझ्याकडे बघितलं. आई निवेदन चुलीपाशी ठेवून जे म्हणायची, तेच हे. आमच्या घराला पूर्ण ओळखीचं. ताई उठली, कागद आणला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "'अन्याय' एकदाच लिही."

तेव्हा बंधू-भगिनींनो, एक विनंती. येत्या थंडीत तुम्ही चिपळूणच्या बाजूला खाडीकाठच्या एखाद्या मळ्यात सामना बघायला गेलात, आणि शेवटच्या ओव्हरला साठीचा एक माणूस खोबरेल चोळलेला हात घेऊन आला, आणि पंचाचा हात आडवा व्हायला लागला, तर दगड मारू नका, घोषणा देऊ नका. सगळ्यांनी उठून उभं राहा, आपापली बाही वर करा, आणि आपला कोपर पंचाला दाखवा.